बायोलॉजी घेतली म्हणजे डेंटल स्कूल मिळालं, असं नसतं

हे आपल्या या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. ज्यांना बसमध्ये, लायब्ररीत हेडफोन न लावता वाचायचंय त्यांच्यासाठी. बोलताना माझ्या तोंडी येणारे दहा-बारा "ॲक्च्युअली" काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांनी मागितला होता. अमेरिकेत बायोलॉजीची डिग्री करून डेंटल स्कूलची तयारी कशी करायची? मी न्यू जर्सीत वाढले, बायोलॉजीत डिग्री केली आणि आता डेंटल स्कूलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पण सरळ इथपर्यंत आले नाही. पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा मला एकाही शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. एकाही म्हणजे एकाही नाही. आई फोनवर म्हणाली, "अगं, पण तू तर बायोलॉजीच केलीस ना? मग अडलं कुठे?" तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आजचा भाग म्हणजे तेच उत्तर आहे, समजा.

आधी रस्ता समजून घेऊ

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी पहिला फरक. तिकडे बारावी सायन्स, नीट, मग बी.डी.एस.: चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. बारावीनंतर थेट. मध्ये बी.एस्सी. केली तरी बी.डी.एस.साठी नीट द्यावीच लागते.

अमेरिकेत डेंटल स्कूल ही सहसा पदवीनंतरची गोष्ट आहे. आधी चार वर्षांची कुठलीतरी बॅचलर्स डिग्री, मग डेंटल स्कूलची साधारण चार वर्षं. काही ठिकाणी ३ + ४ असे जोड कार्यक्रमही असतात. आमच्याकडे न्यू जर्सीत रटगर्सच्या डेंटल स्कूलशी जोडलेले असे कार्यक्रम काही कॉलेजांत आहेत. पण बहुतेक मुलं चार अधिक चार करतात.

शेवटी डी.डी.एस. किंवा डी.एम.डी. अशी पदवी मिळते. "यातली मोठी कुठली?" असं प्रत्येक काका विचारतात. दोन्ही अगदी सारख्या. बाल्टिमोरला १८४० मध्ये जगातलं पहिलं डेंटल कॉलेज सुरू झालं, डी.डी.एस. तिथली. १८६७ मध्ये हार्वर्डने डेंटल स्कूल काढलं आणि पदवीचं नाव लॅटिनमध्ये ठेवलं, म्हणून डी.एम.डी. फरक फक्त नावाचा. प्रॅक्टिस तीच, परवाना तोच.

आणि इथला 'प्री-डेंटल' हा सहसा वेगळा विषय नसतो. ते फक्त एक लेबल आहे: मला पुढे डेंटलला जायचंय, एवढंच सांगणारं.

मेजर कुठलंही चालतं, मग बायोलॉजी का?

डेंटल स्कूल तुमचं मेजर बघून दार उघडत नाही. इतिहासात डिग्री केलेली मुलगी माझ्या वर्गात आहे, एक मुलगा म्युझिकवाला आहे. शाळा बघतात ते ठरावीक कोर्सेस. प्रत्येक शाळेची यादी थोडी वेगळी, पण गाभा साधारण असा: लॅबसकट बायोलॉजी ८ क्रेडिट, जनरल केमिस्ट्री ८, ऑर्गॅनिक केमिस्ट्री ८, फिजिक्स ८, थोडं इंग्रजी. बायोकेमिस्ट्री आता बऱ्याच शाळा मागतात. काही शाळा ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजीही सुचवतात.

बायोलॉजी मेजरचा फायदा असा, की यातले बहुतेक कोर्सेस डिग्रीतच बसतात. इतिहासवाल्या माझ्या मैत्रिणीला ते सगळे वेगळे घ्यावे लागले, दोन उन्हाळे त्यात गेले.

तोटाही आहे. अर्ज करणाऱ्यांत बायोलॉजीवाल्यांची गर्दी सगळ्यात मोठी. त्यामुळे "मी बायोलॉजी केली" यात वेगळं काहीच नाही. शिवाय डेंटल झालं नाही, तर नुसत्या बायोलॉजीच्या डिग्रीवर मिळणाऱ्या नोकऱ्या, लॅब टेक्निशियन वगैरे, फार पगाराच्या नसतात. म्हणून माझं मत सरळ आहे. पेशी, जंतू, शरीर यांबद्दल वाचायला मनापासून आवडत असेल तर बायोलॉजी घ्या. "डेंटलला लागते म्हणून" घेऊ नका. आवड नसेल तर मार्क पडतात, आणि इथे मार्क पुसता येत नाहीत. त्यावर येतेच.

ही बायोलॉजी दातांत कुठे भेटते?

कॉलेजात मला वाटायचं, हे सगळं पाठ करून उपयोग काय? आता रोज भेटते. तीन उदाहरणं सांगते.

एक. तोंडात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाचा जंतू असतो. तो साखर खाऊन ॲसिड तयार करतो. दाताभोवतीचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू ते ॲसिड निवळवते. म्हणून एकदाच चार पेढे खाण्यापेक्षा दिवसभर घोट घोट गोड चहा पिणं दाताला जास्त वाईट. लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. मायक्रोबायोलॉजी आणि जनरल केमिस्ट्री, दोन्ही एका कपात.

दोन. हाड मोडलं तर जुळतं, मग दात का भरून येत नाही? कारण इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत संपून जातात. कारागीरच उरत नाहीत. हे डेव्हलपमेंटल बायोलॉजीच्या तासाला शिकले तेव्हा फक्त परीक्षेपुरतं होतं. आता पेशंटला समजावताना हेच वाक्य वापरते.

तीन. खूप सुजलेल्या, पू झालेल्या दाताला भुलीचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही. पेशंट म्हणतो, "डॉक्टर, मला अजून कळतंय." तो खोटं बोलत नसतो. सूज आलेल्या जागी पीएच कमी असतो, त्यामुळे औषधाचे जास्त कण विद्युतभारित रूपात राहतात आणि नसेच्या आवरणातून आत जात नाहीत. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीतलं ॲसिड-बेसचं प्रकरण आठवा. ते इथे खुर्चीवर बसलेलं असतं, गाल धरून.

म्हणजे अभ्यास वाया जात नाही. पण तो पुरतही नाही. माझी गफलत तिथेच झाली.

माझं अडलं कुठे

तीन ठिकाणी. एकेक सांगते, कारण याच तीन चुका मला नंतर कितीतरी मुलांत दिसल्या.

पहिली चूक: ऑर्गॅनिक केमिस्ट्री. दुसऱ्या वर्षी मी एकदम पाच विषय घेतले आणि ऑर्गॅनिकमध्ये सी आला. मला वाटलं, पुन्हा घेऊन ए मिळवला की सी जाईल. जात नाही. अर्ज ज्या केंद्रीय पोर्टलवरून होतो, एएडीएसएएस, ते तुमच्या सगळ्या प्रयत्नांचे ग्रेड धरतं. तुमच्या कॉलेजने जुना ग्रेड पुसला असला तरी पोर्टल पुसत नाही. शिवाय एकूण जीपीए वेगळा आणि सायन्सचा जीपीए वेगळा काढतं. सोपे विषय घेऊन एकूण आकडा वर नेला तरी सायन्सचा आकडा उघडाच राहतो.

याचा अर्थ एका सी ने आयुष्य संपतं असा नाही. चढता आलेख शाळांना दिसतो. मी पुढे बायोकेमिस्ट्रीत आणि फिजिऑलॉजीत ए मिळवला, त्याचा उपयोग झाला. पण अडचणीत असाल तर मुदतीच्या आत विषय सोडणं किंवा त्या सत्रात विषय कमी घेणं जास्त शहाणपणाचं. आपल्या घरांत "विषय सोडला" म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं. तसं काही नसतं हो.

दुसरी चूक: शॅडोइंग. म्हणजे दवाखान्यात डेंटिस्टच्या शेजारी उभं राहून काम बघणं. अनेक शाळांची अपेक्षा शंभर तासांच्या आसपास असते. माझे होते १८. तेही एकाच ठिकाणी, एकाच सुट्टीतले. मी विचार केला, मार्क चांगले आहेत, तास कोण मोजतं? मोजतात. आणि मुद्दा फक्त आकड्याचा नाही. "तुम्हाला डेंटिस्टच का व्हायचंय?" या प्रश्नावर माझ्या निबंधात जे होतं, ते कुणाच्याही निबंधात चाललं असतं. लोकांना मदत करायला आवडते, विज्ञान आवडतं, हसू महत्त्वाचं. आज वाचताना मलाच जांभई येते.

तिसरी चूक: उशीर. डॅट मी ऑगस्टच्या शेवटी दिली, अर्ज सप्टेंबरच्या मध्यात गेला. अंतिम तारखेच्या आत होता, म्हणून मी निश्चिंत. पण बहुतेक शाळा अर्ज येतील तसे बघतात आणि मुलाखती देत जातात. जूनमध्ये अर्ज गेला असता तर सगळ्या जागा रिकाम्या होत्या. सप्टेंबरपर्यंत मुलाखतींचे बरेच दिवस भरलेले होते. एस.टी.त शेवटच्या थांब्यावर चढलं की जागा मिळत नाही, तिकीट असलं तरी.

डॅट म्हणजे नेमकं काय

डेंटल ॲडमिशन टेस्ट. संगणकावर होते. चार भाग. नॅचरल सायन्सेस: १०० प्रश्न, ९० मिनिटं. त्यात बायोलॉजीचे ४०, जनरल केमिस्ट्रीचे ३० आणि ऑर्गॅनिकचे ३०. मग परसेप्च्युअल ॲबिलिटी: ९० प्रश्न, ६० मिनिटं. मग वाचन आणि आकलन: ५० प्रश्न, ६० मिनिटं. शेवटी गणित: ४० प्रश्न, ४५ मिनिटं. फिजिक्स नाही, हे ऐकून अनेकांचा जीव भांड्यात पडतो.

मार्च २०२५ पासून गुण २०० ते ६०० या मापात मिळतात. आधी १ ते ३० होतं. त्यामुळे जुन्या व्हिडिओत कुणी "मला २२ मिळाले" म्हणालं तर घाबरू नका, ते जुनं माप आहे.

बायोलॉजीवाले पहिल्या भागात निवांत असतात आणि दुसऱ्यात आपटतात. मीही. परसेप्च्युअल ॲबिलिटीत वाचायला काहीच नसतं. घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं, आता उघडल्यावर भोकं कुठे दिसतील? चार कोनांत सगळ्यात लहान कुठला? रचून ठेवलेल्या ठोकळ्यांच्या किती बाजूंना रंग लागेल? असे सहा प्रकार, प्रत्येकी १५ प्रश्न. हे पाठ करता येत नाही, डोळ्याला सवय लावावी लागते. रोज अर्धा तास, दोन-तीन महिने. एका रविवारी आठ तास बसून हे येत नाही.

हात आणि खुर्चीशेजारचे तास

पहिल्या अर्जाचं पाणी झाल्यावर, मार्चमध्ये, मी आमच्या गावातल्या दवाखान्यांत ईमेल न करता स्वतः जाऊन विचारलं. आठ ठिकाणी "नाही", नवव्या ठिकाणी "सोमवारी ये". डिग्री संपल्यावर त्याच डॉक्टरांनी मला डेंटल असिस्टंट म्हणून कामावर ठेवलं. वर्षभर सक्शन धरलं, ट्रे लावले, एक्स-रेची कागदपत्रं केली.

तिथे एक सत्तरीच्या बाई यायच्या. खालची दाढ अनेक महिने दुखत होती. "आधी का नाही आलात?" असं मीच विचारलं, जरा आगाऊपणे. त्या म्हणाल्या, मेडिकेअरमध्ये दात येत नाहीत गं. खरंच आहे. म्हाताऱ्या लोकांचा इथला सरकारी विमा नेहमीचे दातांचे उपचार सहसा देत नाही. भरून वाचली असती ती दाढ त्या दिवशी काढावी लागली. डॉक्टरांनी आधी खर्च सांगितला, मग पर्याय सांगितले, मग हात धरून बसले पाच मिनिटं. अवजार त्यानंतर उचललं.

त्या दिवशी मला कळलं, की या कामात निम्मं बोलणं आहे, पाव हात आहे आणि पाव पुस्तक. माझी सगळी तयारी त्या शेवटच्या पावाची झाली होती.

दुसऱ्या निबंधात मी त्या बाईंबद्दल लिहिलं. अर्थात नाव न देता. ४,५०० अक्षरांची मर्यादा असते, रिकाम्या जागा धरून. एक खरी गोष्ट त्यात नीट बसते.

हाताच्या कामाबद्दलही एक सांगते. अर्जात हस्तकौशल्याविषयी लिहायला वाव असतो. मी रांगोळी लिहिली. आजीने शिकवलेली, ठिपक्यांची. मुलाखतीत एका प्राध्यापकांनी त्यावर पाच मिनिटं प्रश्न विचारले: चिमटीतून रेषेची जाडी कशी सांभाळतेस, हात थरथरला तर काय करतेस? डेंटल स्कूलच्या पहिल्या वर्षी मेणाचा दात कोरताना आणि आरशात उलटं बघून नकली दातावर ड्रिल चालवताना मला ते प्रश्न आठवले. विणकाम, मेहंदी, गिटार, छोट्या मूर्ती, काहीही चालेल. पण खरोखर करत असाल तेच लिहा.

पैसे आणि व्हिसा, न लाजता

आपल्याकडे यावर बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. डेंटल स्कूलमधून कर्ज घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या डोक्यावर सरासरी ३ लाख डॉलरच्या आसपास शैक्षणिक कर्ज असतं. त्यात जुलै २०२५ मध्ये नवीन कायदा आला. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. डेंटलसारख्या व्यावसायिक शिक्षणाला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर इतकंच. वरचे पैसे खासगी कर्जातून किंवा घरातून. म्हणून आपल्या राज्यातली सरकारी शाळा यादीत असायलाच हवी. राज्यातल्या मुलांना फी सहसा कमी असते.

एका श्रोत्याचा मेसेज होता: "ताई, माझे आईबाबा एच-१बी वर आहेत, मी एच-४ वर. मला हे जमेल का?" बाळा, जमू शकतं, पण आजपासून हिशोब मांड. २१ व्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे डिग्री चालू असतानाच तुला बहुधा एफ-१ वर जावं लागेल. एफ-१ वर सरकारी कर्ज मिळत नाही. काही शाळा फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. म्हणून अर्ज करायच्या आधी प्रत्येक शाळेच्या पानावर व्हिसाचा नियम वाच. फी भरून झाल्यावर कळण्यापेक्षा ते बरं. आणि हे तुझं अपयश नाही, हे लक्षात ठेव.

पुण्या-नागपुरातून बी.डी.एस. झालेल्या ताई-दादांसाठी दार वेगळं आहे. तुम्हाला बायोलॉजीची डिग्री पुन्हा करायची गरज नाही. परदेशी डेंटिस्टसाठी दोन-तीन वर्षांचे ॲडव्हान्स्ड स्टँडिंग कार्यक्रम असतात. त्यावर वेगळा भाग करू.

चार वर्षांचा आराखडा

स्क्रीनशॉट काढायचा असेल तर इथे काढा.

पहिलं वर्ष: जनरल केमिस्ट्री आणि बायोलॉजी. अभ्यासाची घडी बसवा. एखाद्या सुट्टीत दोन दिवस तरी दवाखान्यात उभे राहा. रक्त, लाळ, वास सहन होतो का, हे आत्ताच कळू दे.

दुसरं वर्ष: ऑर्गॅनिक. त्या सत्रात बाकीचे विषय हलके ठेवा. प्राध्यापकांच्या ऑफिसच्या वेळेत जा, कारण पुढे शिफारसपत्रं लागतात. बऱ्याच शाळा दोन सायन्सच्या प्राध्यापकांची आणि एक डेंटिस्टचं मागतात. तीनशे मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्याचं पत्र कोण लिहिणार?

तिसरं वर्ष: फिजिक्स, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी. शॅडोइंग वाढवा, वेगवेगळ्या दवाखान्यांत. डॅट वसंतात, फार तर जूनच्या सुरुवातीला. पोर्टल मेमध्ये उघडतं, अर्ज जूनपासून पाठवता येतात. पहिल्या काही आठवड्यांत पाठवा.

चौथं वर्ष: मुलाखती. निकाल डिसेंबरपासून यायला लागतात. मार्क घसरू देऊ नका.

आणि जागा नाही मिळाली तर? वर्ष फुकट गेलं असं समजू नका. माझ्या मधल्या वर्षाने मला डेंटिस्ट्री दाखवली. काहीजणांना त्याच वर्षात कळतं, की हे आपल्यासाठी नाही. तेही चांगलंच. पब्लिक हेल्थ आहे, संशोधन आहे, डेंटल हायजिनिस्टचा छोटा आणि चांगला रस्ता आहे. तीन लाखांच्या कर्जानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

तर आईच्या प्रश्नाचं उत्तर असं: आई, मी बायोलॉजी केली होती, पण डेंटिस्टच्या शेजारी उभी राहिले नव्हते. डिग्रीने फक्त अर्ज करता आला. जागा मिळाली ती त्या उभ्या राहिलेल्या तासांमुळे.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा, नाव नको असेल तर तसं सांगा. आणि आज रात्री ब्रश करून झोपा. मी विचारणार आहे. भेटू पुढच्या भागात!